जठराला पट्टा, जीभ मोकळी

जून 2001 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने वजन घटवण्यासाठीच्या ‘लॅप-बँड’ला मंजुरी दिली. जठराच्या वरच्या टोकाशी सिलिकॉनचे कडे बसवायचे. कड्याच्या आतल्या फुग्यात सलाईन भरले की ते आवळते, काढले की सैल होते. त्यासाठी कातडीखाली एक पोर्ट असतो, त्यात सुई टोचायची. कड्याच्या वर उरलेला छोटा कप्पा चार घासांतच भरतो. 2007 मध्ये एथिकॉन कंपनीचा ‘रिअलाइझ’ आला, तो मूळचा स्वीडिश बँड.

मग तुलना सुरू झाली. जुन्या लॅप-बँडचा फुगा अरुंद, त्यात सलाईन कमी आणि दाब जास्त. स्वीडिश बँडचा फुगा रुंद, सलाईन जास्त, दाब कमी. लॅप-बँडचा पोर्ट टाके घालून बसवत, रिअलाइझचा आकड्यांनी. पुढे लॅप-बँडच्या एपी मालिकेतही मोठा फुगा आला. बँड सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, पोर्ट गळणे ही दुखणी मात्र दोन्हीकडे सारखीच.

आणि दोघांतही एक चोरवाट होती. पाव किंवा मांसाचा तुकडा अडकायचा, पण आइसक्रीम आणि मिल्कशेक विनासायास खाली उतरायचे. बँड घास अडवतो, कॅलरी अडवत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच पेच आहे: निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते. ज्ञानेश्वर तिथे झाडाची पालवी खुडून मुळाला पाणी घालणाऱ्याचा दाखला देतात आणि त्याहून अवघड गोष्ट सांगतात. इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात, रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्यावाचून जगणेच घडत नाही. दारू कायमची सोडता येते. जेवण कसे सोडणार?

अॅरिस्टॉटल दोन माणसांत फरक करतो. एकाची वासना जागी असते, पण तो तिच्यावर मात करतो. दुसऱ्याची वासनाच वळणावर आलेली असते. बँडवाला यांतला कोणता? ‘शॉर्टकट घेतला’ असे टोमणे मारणारे त्याला दोन्हींतून बाद करतात, आणि ते अन्यायाचे आहे. 1979 मध्ये जॉन एल्स्टर या विचारवंताने ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसची गोष्ट याच प्रश्नासाठी घेतली. आपण मोहात पडणार हे ओळखून आधीच स्वतःला जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेणे, हाही विवेकच. बँड आवळून घ्यायला आपणहून दवाखान्यात जाणारा तेच करतो. फक्त ओडिसियसचा मोह एका प्रवासापुरता होता. याला रोज तीनदा ताटासमोर बसायचे असते, आणि दोर अर्धाच बांधलेला.

अमेरिकेत 2011 मध्ये स्थूलतेच्या शस्त्रक्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बँडच्या होत्या. 2018 पर्यंत त्या सुमारे एक टक्क्यावर आल्या. त्यांची जागा प्रामुख्याने ‘स्लीव्ह’ने घेतली. तिच्यात जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढतात, त्याबरोबर भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही घटते. 2021 मध्ये ‘वेगोव्ही’ या नावाने सेमाग्लुटाइडला वजन घटवण्यासाठी मंजुरी मिळाली. हे इंजेक्शन तर थेट भुकेलाच हात घालते. म्हणजे उपाय जठरावरून वासनेकडे सरकला.

मग गोडी गेली का? गीतेत ती परतत्त्वाच्या दर्शनाने सरते. इथे ती आठवड्याच्या मात्रेवर दबून असते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले.