स्वमग्नता माणसापासून वेगळी काढता येते का?

स्वमग्नतेविषयीच्या (ऑटिझमविषयीच्या) बहुतेक वादांच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: माणसातले काय बदलले तरी तो तोच राहतो, आणि काय बदलले तर तो दुसराच कोणी होतो? ताप उतरला की माणूस तोच असतो, फक्त बरा झालेला असतो. पण आवाज, उजेड आणि स्पर्श मनापर्यंत ज्या रीतीने पोहोचतात, शब्द ज्या रीतीने सुचतात, माणसे ज्या रीतीने जवळची किंवा परकी वाटतात, ती सारी रीतच बदलली तर मागे उरणाऱ्याला पूर्वीच्याच नावाने हाक मारता येईल का? स्वमग्न कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली टोरांटोतील परिषदेत पालकांपुढे हाच प्रश्न ठेवला. ‘आमच्यासाठी शोक करू नका’ अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा निबंध पुढे स्वमग्न व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीचा पाया ठरला. स्वमग्नता हे एखादे कवच नाही आणि त्याच्या आत कोणी ‘सामान्य’ मूल अडकून पडलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूल स्वमग्न नसते तर बरे झाले असते, असे आईबाप म्हणतात तेव्हा समोरचे मूल नसते आणि त्याच्या जागी दुसरे असते तर बरे झाले असते, असेच त्या मुलाला ऐकू येते.

हा युक्तिवाद इतक्या उशिरा का पुढे आला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढची दोन दशके मात्र दोष आईवर टाकण्यात गेली. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल स्वतःत मिटून गेले, हे मत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून घरोघर पोहोचवले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने कारणे शरीरात, मेंदूत शोधावीत असे सप्रमाण मांडले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले ते पालकांच्या संघटनांनी. शाळांची दारेही त्यांनीच उघडून घेतली. आजच्या वादात पालकांवर टीका करताना हे ऋण विसरले जाते, ते विसरू नये.

मात्र त्या लढ्यातून एक सवयही रुजली. मुलाच्या वतीने आणि मुलाविषयी बोलायचे ते पालकांनी व तज्ज्ञांनी, आणि तेही बहुधा शोकांतिकेच्या भाषेत. मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये आठवड्याला सुमारे ४० तासांच्या वर्तन-प्रशिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९ पैकी ९ मुले सर्वसामान्य मुलांसारखी वागू-शिकू लागली, असा त्यांचा दावा होता, आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षेलाही जागा होती. त्यातून ‘इतरांपेक्षा वेगळे दिसू नये’ हीच यशाची खूण ठरली. प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा मुख्य आक्षेप नेमका या खुणेवर आहे. हात न हलवणे, नजरेला नजर भिडवणे, गोंगाट सहन होत नसतानाही हसत बसणे हे शिकता येते, पण आयुष्यभर मुखवटा वागवण्याची किंमत मोजावी लागते. अलीकडच्या संशोधनात या मुखवट्याचा संबंध नैराश्य, आत्महत्येचे विचार आणि पराकोटीचा थकवा यांच्याशी आढळला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये अशा उपचारांच्या सरकारी खर्चाचा खटला चालला, तेव्हा मिशेल डॉसन या स्वमग्न संशोधिकेने त्यात हस्तक्षेप केला. ज्यांच्याविषयी हे सारे चालले आहे त्यांना कोणी विचारलेच नाही, ही तिची तक्रार होती. पालकांच्या बाजूने लागलेला खालचा निकाल न्यायालयाने फिरवला. पण निकालाहून महत्त्वाचे हे की स्वमग्न व्यक्ती स्वतः न्यायालयापुढे उभी राहिली.

२००७ च्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमनोविकार केंद्राने शहरात जाहिराती लावल्या. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’ अशा खंडणीच्या चिठ्ठीच्या थाटात स्वमग्नता त्यांत बोलत होती. एक वर्षापूर्वी स्थापन झालेल्या स्वमग्न व्यक्तींच्या संघटनेने, ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्कने, विरोध संघटित केला आणि काही आठवड्यांतच जाहिराती मागे घेतल्या गेल्या. तात्त्विक दृष्टीने हा प्रसंग फार बोलका आहे. खरे मूल दुसरीकडे कोंडलेले आहे आणि घरात वावरते आहे ते त्याला पळवणाऱ्याच्या ताब्यातले शरीर, ही कल्पना वैद्यकीय नाही, ती फार जुनी आहे. युरोपातल्या लोककथांत पऱ्या खरे बाळ नेऊन पाळण्यात दुसरेच ठेवतात. आपल्याकडे ‘बाहेरची बाधा’ म्हटले जाते आणि उतारा केला जातो. जाहिरातीची भाषा आधुनिक होती, तिच्यामागचे तत्त्वज्ञान मात्र मांत्रिकाचेच होते.

भारतीय दर्शने या प्रश्नाकडे वेगळ्या अंगाने नेतात. सांख्य आणि वेदान्त या दोन्हींत मन, बुद्धी, अहंकार ही अंतःकरणाची साधने आहेत, पाहणारा त्यांच्यापलीकडचा. वरवर पाहता हे सिंक्लेअर यांच्या विरोधात जाते, कारण मनाची ठेवण म्हणजे ‘मी’ नव्हेच. पण हाच विचार पुढे नेला तर तो दोन्हींकडे सारखा लागू पडतो. स्वमग्न मन आत्मा नसेल तर अस्वमग्न मनही आत्मा नाही, आणि मग एक मन अस्सल व दुसरे बिघडलेले असे म्हणण्याचा आधारच उरत नाही. व्यवहाराच्या पातळीवर प्रत्येकाला मिळालेल्या अंतःकरणानेच जगावे लागते. तेव्हा ज्याला जे मिळाले त्याचा मान राखणे, हाच या विचाराचा सरळ निष्कर्ष आहे. याच परंपरेतल्या कर्मसिद्धांताचा वापर मात्र अनेकदा क्रूरपणे होतो. गेल्या जन्मीचे भोग म्हणून आईला ऐकवणारा नातेवाईक आणि आईच्या कोरडेपणाला दोष देणारे बेटलहाइम एकाच ठिकाणी पोहोचतात: दुःख आहे म्हणजे कोणीतरी अपराधी असलाच पाहिजे. शास्त्राच्या नावाने असो वा धर्माच्या, हा न्याय निष्ठुर आहे आणि तो नाकारायला हवा.

नीतिशास्त्रातही स्वमग्नतेने एक जुना वाद पुन्हा उघडला. तत्त्वज्ञ ह्यूमच्या मते नीतीचे मूळ सहानुभूतीत आहे. दुसऱ्याचे मन वाचता येत नाही अशी स्वमग्न व्यक्तींची ख्याती, मग त्या नैतिक कर्त्या ठरतात की नाही? जनेट केनेट या तत्त्वज्ञ विदुषीने २००२ मध्ये याचे उत्तर कांटकडे नेले. दुसऱ्याच्या भावना चटकन उमगल्या नाहीत तरी त्याच्या हिताला महत्त्व आहे याची जाणीव, आणि न्यायाने, नियमाने वागण्याची कळकळ माणसाला नैतिक बनवते; अनेक स्वमग्न व्यक्तींत ती ठळक दिसते. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मूळ गृहीतकालाच हात घातला. न समजणे दोन्हीकडून असते. स्वमग्न नसलेल्यांनाही स्वमग्न मन वाचता येत नाही, फक्त ती त्यांची उणीव म्हणून नोंदली जात नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची होती. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळाले.

आता सर्वांत अवघड आक्षेप. हे सारे बोलता-लिहिता येणाऱ्यांचे झाले. जो तरुण एक शब्द बोलत नाही, डोके भिंतीवर आपटून घेतो, ज्याला चोवीस तास सांभाळावे लागते, त्याच्या वतीने ‘स्वमग्नता ही माझी ओळख’ असे कोण म्हणणार? अमेरिकेत काही पालकांनी २०१९ मध्ये तीव्र स्वमग्नतेसाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली ती याच रागातून. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ मध्ये अशा व्यक्तींसाठी ‘गहन स्वमग्नता’ ही वेगळी संज्ञा सुचवली. वेगळ्या नावामुळे या व्यक्ती वेगळ्या पंक्तीत बसवल्या जातील, ही स्वमग्न कार्यकर्त्यांची भीती निराधार नाही. पण पालकांचा आक्षेपही खरा आहे. न बोलणाऱ्याचा हात धरून त्याच्याकडून टंकलेखन करून घेण्याची पद्धत १९९० च्या दशकात गाजली, आणि नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह दोन्ही बाजूंना आहे.

यातून वाट काढायची तर ‘स्वमग्नता’ हे एकच गाठोडे मानणे सोडावे लागते. अपस्माराचे झटके, निद्रानाश, पोटाचे दुखणे, स्वतःला इजा करून घेणे यांवर उपचार केल्याने कोणाची ओळख पुसली जात नाही. ते न करणे हीच हेळसांड. जगाला सामोरे जाण्याची रीत मात्र वेगळी काढता येत नाही. ती मोडण्याचा प्रयत्न माणसालाच इजा करतो. आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन्हींवर अवलंबून नाही. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीच्या आई, तत्त्वज्ञ ईव्हा किटे, हेच सातत्याने मांडत आल्या: माणसाचे मोल त्याच्या बुद्धीच्या मोजमापावर ठरत नाही, आणि कोणाचेही जगणे दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभे राहत नाही.

हा शेवटचा मुद्दा प्रौढांच्या संदर्भात निर्णायक ठरतो. कॅनर यांच्या नोंदीतला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावी वाढला. आईच्या माहेरच्यांचा जिच्यात हिस्सा होता त्या बँकेत त्याने नोकरी केली. तो गोल्फ खेळला, मोटार चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्याची स्वमग्नता कधी गेली नाही. घरची सुस्थिती होती आणि गाव त्याला ओळखून, सांभाळून होते. तेवढा आधार ज्यांच्या नशिबी नाही त्यांच्यासाठी स्वमग्न प्रौढांनी स्वतःच साधने उभी केली. सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाचे वार्षिक निवासी मेळावे भरवले. तिथे बोलायची इच्छा नसेल तर छातीवर तशा रंगाची खूण लावायची सोय होती. सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्कने महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी स्वमग्न लेखकांकडूनच मार्गदर्शिका लिहवून घेतली. ‘आस्पायर’ या अमेरिकी गटाने डॉक्टरांकडे जाताना वापरायचा संच स्वमग्न सहसंशोधकांसह तयार केला. कोणता आवाज त्रास देतो, प्रश्न तोंडी विचारावेत की लेखी, तपासण्यापूर्वी काय सांगावे, हे त्यात रुग्णाला आधीच नोंदवून देता येते. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने प्रौढांसाठी राष्ट्रीय धोरण आखणे सरकारवर बंधनकारक झाले.

ही साधने इंग्रजीत असल्याने मराठीतून जगणाऱ्या प्रौढापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. त्यांचा अनुवाद आणि इथल्या परिस्थितीला साजेशी नवी रचना, हे मराठी लेखक-प्रकाशकांसमोर पडलेले काम आहे. साधन पारखण्याच्या कसोट्या मात्र कुठेही त्याच. ते स्वमग्न प्रौढांच्या सहभागाने तयार झाले आहे का? रोजच्या अडचणी ते सोडवते, की फक्त ‘सामान्य दिसायला’ शिकवते? आणि पूर्ण बरे करण्याचे आश्वासन असेल तर तिथेच थांबावे. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे.

भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते. ‘आमच्यानंतर कोण?’ या पालकांच्या प्रश्नावर त्या कायद्याने कायदेशीर पालक (गार्डियन) नेमण्याचे उत्तर दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम १४ मधील मर्यादित पालकत्व म्हणजे पालकाने परस्पर विश्वासाच्या आधारे, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्या सोबतीने निर्णय घेणे. ज्या घरात स्वमग्न प्रौढ आहे त्या घराने हे कलम वाचावे, आणि पुढच्या निर्णयाच्या वेळी आधी त्याला विचारावे. तो बोलून उत्तर देत नसेल तर ज्या रीतीने देतो त्या रीतीने.