दप्तरांतील कागद आणि खरी साक्ष

(आधारवचन : योहान २१:२३)



योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटल्या अध्यायांत एका लहानशा अफवेची हकीकत आली आहे. पुनरुत्थानानंतर प्रभूनें आपल्या आवडत्या शिष्याविषयीं पेत्राला एक वाक्य सांगितलें. त्या वाक्यांत "जर" हा शब्द होता. तोंडोतोंडीं जातां जातां तो "जर" गळून पडला, आणि तो शिष्य मरणारच नाहीं अशी वार्ता बंधुवर्गांत पसरली. ती पसरविणारे कोणी शत्रु नव्हते, विश्वासणारेच होते. शिवाय तींत कोणाची निंदाही नव्हती. तरी शुभवर्तमानकारानें ती तशीच राहूं दिली नाहीं. प्रभु काय बोलला नव्हता हें त्यानें प्रथम सांगितलें, काय बोलला होता तें जसेंच्या तसें पुन्हां लिहिलें, आणि मग तो थांबला. पदरचें एक अक्षरही त्यानें घातलें नाहीं. वार्ता कशी पारखावी ह्याचा हा उत्तम कित्ता होय, आणि आजच्या दिवसांत तो गिरविण्याची मोठी गरज आहे.

गरज आहे असें म्हणण्याचें कारण सांगतों. अमेरिकेंतील एका मोठ्या गुन्ह्याच्या तपासाचे कागद सर्व जगापुढें उघडे झाले आहेत, आणि त्यांविषयींच्या खऱ्या व खोट्या वार्ता एकमेकींत मिसळून हातोहातीं मोबाईलवर फिरत आहेत. प्रथम, ह्या प्रकरणांत जें निश्चित आहे तें पाहूं. जेफ्री एप्स्टीन नांवाचा एक धनाढ्य मनुष्य होता. २००५ सालीं फ्लॉरिडा राज्यांतील पाम बीच येथें १४ वर्षांच्या एका मुलीच्या घरच्यांनीं त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तपास होतां होतां अशा आणखी पुष्कळ मुली पुढें आल्या. असें असूनही सरकारी वकिलांनीं त्या मुलींना न कळवितां त्याच्याशीं करार केला. २००८ सालीं त्यानें केवळ दोन आरोप कबूल केले व त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं सुमारें १३ महिनेच तो कैदेंत होता, आणि त्यांतही दिवसां बाहेर जाऊन आपल्या कचेरींत बसण्याची त्याला मोकळीक होती. २०१८ च्या नोव्हेंबरांत 'मायामी हेरल्ड' ह्या वर्तमानपत्रानें हें प्रकरण पुन्हां उजेडांत आणलें. २०१९ च्या जुलैंत त्याला नव्यानें अटक झाली. परंतु खटला उभा राहण्यापूर्वींच, १० ऑगस्ट २०१९ रोजीं, तो न्यूयॉर्कच्या तुरुंगांत मृत आढळला. ती आत्महत्या होय असा निर्णय शहराच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें दिला. त्याची साथीदारीण गिलेन मॅक्सवेल हिला डिसेंबर २०२१ मध्यें ज्यूरीनें दोषी ठरविलें, व जून २०२२ मध्यें तिला २० वर्षांची शिक्षा झाली.

पुढें २०२५ च्या नोव्हेंबरांत, ह्या तपासाचे कागद लोकांपुढें ठेवावे असा कायदा अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेनें ४२७ विरुद्ध १ अशा मतांनीं पसार केला, आणि १९ नोव्हेंबर रोजीं राष्ट्राध्यक्षांची त्यावर सही झाली. त्याप्रमाणें १९ डिसेंबरपासून कागद बाहेर येऊं लागले, व ३० जानेवारी २०२६ रोजीं एकदम ३० लाखांहून अधिक पृष्ठें प्रसिद्ध झालीं. अंधारांत झांकलेलें उजेडांत यावें ही गोष्ट चांगलीच आहे; तिच्याविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. परंतु उजेडांत आलेल्या वस्तूकडे नीट पाहिलें पाहिजे, नाहींतर उजेड असूनही मनुष्य चांचपडतच राहतो.

तपासाचें दप्तर म्हणजे निकालपत्र नव्हे. खळ्यावर मळणी झाल्यावर जी रास पडते तींत दाणे असतात, भूस असतें, मातीचे खडे असतात. उपणणी व्हावयाची असते. दप्तराचेंही तसेंच आहे. साक्षीदारांच्या जबान्या, जप्त केलेलीं पत्रें, पत्त्यांच्या वह्या, विमानप्रवासाच्या नोंदी, वर्तमानपत्रांचीं कात्रणें हीं सर्व त्यांत असतात. आणि कोणी अनोळखी माणसानें टेलिफोनवरून कळविलेली ऐकीव गोष्टही त्यांतच असते. तपासणाऱ्या अंमलदारानें जें कानीं आलें तें लिहून ठेविलें पाहिजे, कारण कोणत्या धाग्यानें गांठ सुटेल हें आरंभीं कळत नाहीं. आपल्या तालुक्याच्या कचेरींत कोणीं कोणाविरुद्ध अर्ज दिला तर त्यावर आवक शिक्का बसतो. तो शिक्का काय सांगतो? अर्ज अमुक दिवशीं पोहोंचला, एवढेंच. अर्जांतील मजकूर खरा आहे असें तो सांगत नाहीं. जानेवारीचे कागद प्रसिद्ध करितांना अमेरिकेच्या न्यायखात्यानेंही हेंच बजावलें होतें कीं, लोकांनीं पाठविलेलें सर्व कांहीं ह्यांत घातलें असल्यामुळें कांहीं कागद बनावट किंवा खोटे असूं शकतील.

शिक्क्यावर भुलूं नये हें पवित्र शास्त्रानें फार पूर्वीं शिकविलें आहे. ईजबेलीनें नाबोथाविरुद्ध पत्रें लिहिलीं तीं अहाब राजाच्या नांवानें, आणि त्यांवर मुद्रा होती तीही राजाचीच (१ राजे २१). नियमशास्त्राला दोन साक्षीदार हवे होते, तेही हजर करण्यांत आले. कागदांत व रीतींत कांहींच उणें नव्हतें. उणें होतें तें सत्य. गांवच्या वडिलांनीं मुद्रा पाहिली, पण मजकूर पारखला नाहीं, आणि एक निरपराध मनुष्य धोंडमार होऊन मेला.

ह्याच्या उलट, पारख केली म्हणजे काय होतें ह्याचें उदाहरण ह्या दप्तरांतच सांपडलें. डिसेंबर २०२५ मध्यें बाहेर आलेल्या कागदांत एक पत्र होतें. तें एप्स्टीनानें तुरुंगांतून लॅरी नासर ह्या दुसऱ्या दोषी कैद्याला लिहिलें असें दिसत होतें, व त्यांत एका मोठ्या अधिकारपदाकडे बोट दाखविलें होतें. पाहतां पाहतां तें जगभर वाचलें गेलें. मग त्याची तपासणी झाली. पत्रावरील टपालाचा शिक्का एप्स्टीनाच्या मरणानंतर तीन दिवसांचा होता, तो उत्तर व्हर्जिनियांतला होता, आणि कैदी तर न्यूयॉर्कांत होता, पाठविणाऱ्याच्या पत्त्यांत त्याच्या तुरुंगाचें नांव व कैद्याचा क्रमांक नव्हता, अक्षरही जुळेना. तेव्हां तें बनावट आहे असें न्यायखात्यानें जाहीर केलें. सरकारी खात्याचें म्हणणेंही पारखूनच घ्यावें हें आम्हांस मान्य आहे. पण येथें टपालाच्या शिक्क्यावरील तारीख ज्याला डोळे आहेत त्याला पाहतां येत होती. फक्त थांबून पाहावयाचें होतें.

दुसरी चूक नांवांविषयीं होते. अमक्याचें नांव कागदांत आहे, म्हणून तो दोषी, असें पुष्कळ जण म्हणतात. पण अशा कागदांत अपराध्याचें नांव असतें तसें साक्षीदाराचें असतें, घरच्या नोकराचें असतें, आणि ज्या मुलींवर अन्याय झाला त्यांचेंही असतें. यरुशलेमेंत लोकांनीं त्रफिमाला पौलाबरोबर नगरांत पाहिलें होतें. तेवढ्यावरून पौलानें त्याला मंदिरांत नेलें असें त्यांनीं धरून चालविलें, आणि सारें शहर खवळून गेलें (प्रेषितांची कृत्यें २१). पाहिलेलें खरें होतें. त्यावरून काढलेलें अनुमान खोटें होतें. जानेवारी २०२४ मध्यें एका दिवाणी दाव्याचे कागद न्यायालयानें खुले केले, तेव्हां तर ज्यांचीं नांवें त्या कागदांत मुळींच नव्हतीं अशांच्याही याद्या लोकांनीं रचून फिरविल्या. यंत्राच्या साहाय्यानें बनविलेलीं खोटीं छायाचित्रेंही निघालीं. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचें नांव यादींत पाहून ज्याला आनंद होतो, त्यानें आपल्या अंतःकरणाची झडती घ्यावी. त्याला सत्य हवें आहे कीं सूड, हें त्यानें स्वतःस विचारावें.

परंतु बंधूंनो, तिसरी चूक ह्या दोहोंहून लहान नाहीं. ती ही कीं, इतकें खोटें पसरलें आहे, तर सगळेंच खोटें असेल, असें म्हणून हात झटकणें. असें म्हणूं नका. त्या मुली खऱ्या होत्या. त्या वर्षानुवर्षें सांगत होत्या आणि पुष्कळांनीं त्यांचें ऐकलें नाहीं, कारण एका बाजूस पैसा होता आणि दुसऱ्या बाजूस गरीबाघरचें लेंकरूं होतें. अफवेमुळें पहिला घात निरपराध्याचा होतो, पण दुसरा घात पीडितांचा होतो. धुराळा उडाला म्हणजे खरा अपराधी त्यांतच लपतो. आणि मग जी खरें सांगते तिलाही लोक म्हणतात, हीही एक गप्पच असेल. शिवाय ह्या कागदांत पीडितांचीं कांहीं नांवें न झांकतां तशींच बाहेर गेलीं, आणि मागाहून कागद काढून घ्यावे लागले. ज्याच्या हातीं असें नांव पडलें त्यानें तें पुढें पाठविलें, तर त्या जखमेवर त्यानें आणखी एक घाव घातला असें होईल.

मग पारख कशी करावी? नियमशास्त्रानें न्याय करणाऱ्यांस सांगितलें आहे कीं, बारकाईनें शोध करा, एकाच्या साक्षीवर दोष ठरवूं नका, आणि साक्षीदार खोटा निघाला तर त्यालाच जबाबदार धरा (अनुवाद १३ व १९). त्याला अनुसरून आम्ही चार प्रश्न सुचवितों. हा कागद कसला आहे: निकाल, जबानी, कीं कोणीं कळविलेली ऐकीव गोष्ट? लिहिणाऱ्यानें तें स्वतः पाहिलें, कीं दुसऱ्यापासून ऐकलें? त्यावरील तारीख व स्थळ इतर ज्ञात गोष्टींशीं जुळतें काय? आणि आमच्यापुढें सबंध पान आहे, कीं मागचापुढचा मजकूर कापून काढलेला तुकडा? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं नाहींत, त्यानें "हें सिद्ध झालें नाहीं" एवढें म्हणावें. असें म्हणण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

दप्तरें निरुपयोगी आहेत असा मात्र ह्याचा अर्थ कोणीं घेऊं नये. यरुशलेमेंत मंदिर बांधणाऱ्यांवर संशय आला, तेव्हां दारयावेश राजानें ऐकीव गोष्टीवर निर्णय दिला नाहीं. त्यानें जुनीं दप्तरें शोधविलीं, अखमथा येथें कोरेश राजाच्या हुकुमाची गुंडाळी सांपडली, आणि काम पुढें चाललें (एज्रा ६). नीट वाचलेला कागद निर्दोष्याला सोडवितो व दोष्याला धरून देतो.

हें सर्व दूरदेशचें आहे, आपल्याला त्याचें काय, असें कोणीं म्हणेल. त्यानें धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याकडे पाहावें. १ जुलै २०१८ रोजीं, मुलें पळविणारी टोळी आली आहे ह्या मोबाईलवर फिरलेल्या अफवेमुळें, राईनपाडा ह्या गांवीं जमावानें पांच माणसांना ठार मारलें. तीं भिक्षा मागून पोट भरणारीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं माणसें होतीं. ती अफवा पुढें पाठविणाऱ्या किती तरी हातांनीं दगड उचलला नव्हता. तरी त्यांनीं पाठविलेला शब्द त्या जमावाच्या हातांत होताच.

म्हणून ह्या आठवड्यांत एवढें करूं या. संध्याकाळीं पारावर किंवा घरीं अशी वार्ता कोणीं वाचून दाखविली, तर वडील माणसांनीं प्रेमानें विचारावें, "बाबा, हें कोठून आलें?" तरुणांनीं पुढें पाठविण्यापूर्वीं सबंध मजकूर वाचावा. आपल्याच गांवांत एखादी मुलगी धीर करून कांहीं सांगूं लागली, तर तिला गप्प करूं नये, आणि तिचें नांव चावडीवरही नेऊं नये. जे चौकशी करण्यास नेमलेले आहेत त्यांच्याकडे तिला सोबत करून न्यावें. आणि आपली जीभ वळवळूं लागली म्हणजे त्या गळून पडलेल्या "जर" ची आठवण करावी. जें बोललें गेलें तें तेवढेंच सांगावें, जें बोललें गेलें नाहीं तें नाहीं म्हणावें, आणि पुढें थांबावें. सत्याचा देव ह्या कामीं आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.