अदृश्य शुचिता

साजगांवच्या बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी यात्रेंत सुकी मासळी घेणारें गिऱ्हाईक ती हातांत धरतें, हुंगतें, आणि पटली तरच पैसे मोजतें. त्याच टापूंतला मनुष्य दाढ ठणकूं लागली म्हणजे मजुरी बुडवून दंतवैद्याकडे जातो, तेव्हां मात्र त्याची ही पारख निरुपयोगी ठरते. जबडा बधिर, डोळ्यांवर दिव्याचा झोत. दाताच्या मुळांत उतरणारी सुई शुद्ध आहे कीं नाहीं, हें कळण्याचा त्याला मार्गच नसतो. अदृश्य करणारी अंगठी हातीं आल्यावर मनुष्य न्यायानें कां वागेल, असा प्रश्न प्लेटोच्या ग्रंथांत आहे. ती अंगठी येथें वैद्याच्या बोटांत असते.

कोणी म्हणेल, तोंड हें मूळचेंच जंतूंचें घर; तेथें एवढी शुद्धि कशाला? याचें उत्तर १९६५ सालीं अमेरिकेंत काकेहाशी व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगानें मिळालें. त्यांनीं उंदरांच्या दातांतील मज्जा उघडी केली. जंतुविरहित वातावरणांत वाढलेल्या उंदरांची मज्जा जगली व तिच्यावर नवें कठीण आवरण चढलें. इतर उंदरांची सडली. तात्पर्य, दाताच्या मुळाची चिकित्सा हा जंतूंशींच झगडा आहे. ते आपल्याच हातानें आंत सोडणें म्हणजे चिकित्सा न करणेंच होय. म्हणून लाळ अडविणारा रबराचा पडदा लावावयाचा. तो न्यूयॉर्कच्या बार्नम नामक दंतवैद्यानें १८६४ सालींच काढला. सुयांच्या पिळदार खांचांत मागल्या रोग्याच्या दाताचे कण अडकतात. म्हणून त्या आधीं घासून धुवावयाच्या आणि मग दाबाखालील वाफेंत १२१ अंश सेल्सिअसवर निदान १५ मिनिटें ठेवावयाच्या. औषधी पाण्यांत बुचकळून काढल्यानें हें काम होत नाहीं.

हयगयीचें फळ क्वचित् भयंकर असतें. २०२२-२३ मध्यें तामिळनाडूंतील तिरुपत्तूर जिल्ह्यांत एका दंतचिकित्सालयाशीं संबंध जुळलेल्या १० रोग्यांच्या मेंदूस जंतुबाधा होऊन ८ जण दगावले. सलाइनची बाटली अशुद्ध हत्यारानें उघडून तीच पुनःपुन्हां वापरल्याचें तपासांत आढळलें. पण बहुधा एवढा अनर्थ होत नाहीं. वर्षा-दोन वर्षांनीं दाढ पुन्हां सुजते आणि रोगी आपल्याच दांतांना बोल लावतो. अपराध्याला शासन होत नाहीं. आपण अपराध केला, हेंहि त्याला कळत नाहीं.

दंतवैद्याची बाजूहि ऐकली पाहिजे. सुया महाग, बाहेर रांग, मध्येंच जाणारी वीज, आणि घासाघीस करणारा रोगी. या अडचणी खोट्या नव्हेत. परंतु दातावर स्वस्त टोपी बसवून घेणारा रोगी आपण काय घेतों तें जाणून घेतो. शुद्धींतील काटछाट त्याला कोणी सांगत नाहीं, आणि सांगितली तर तो खुर्चींतून उठून जाईल. जी काटकसर रोग्याला सांगतां येत नाहीं, ती फसवणूक होय. त्यापेक्षां दर वाढवावा, रोगी कमी घ्यावे, किंवा ‘हें काम येथें होणार नाहीं’ असें सांगून दुसरीकडे धाडावें. यांत कांहीं कमीपणा नाहीं.

आपल्या समाजाला शुचितेचें वावडें कधींच नव्हतें. पण सोवळें चारचौघांदेखत पाळलें जाई, आणि दुसऱ्याचा विटाळ आपणांस होऊं नये, हा त्याचा रोख असे. दंतवैद्याची शुचिता याच्या उलट आहे: आपल्या हातून दुसऱ्यास बाधा होऊं नये म्हणून, कोणी पाहत नसतां, ती पाळावयाची. रोग्यानें विचारावें, वैद्यानें राग न धरतां हत्यारांचें पाकीट त्याच्यासमोर फोडावें, हें इष्टच. तरीहि पाकिटांत जाण्यापूर्वीं ती सुई नीट घासली गेली होती कीं नाहीं, हें वैद्य व त्याचा मदतनीस यांनाच ठाऊक असतें. आणि रोग्याचा सारा भरंवसा तेवढ्यावरच टेकलेला असतो.