रिकामी जागा कुणाची?



ऑगस्ट 2019 चा पाऊस आपल्या बेळगाव-निपाणी भागात कुणी विसरलेलं नाही. मातीच्या भिंतींची कितीतरी घरं बसली. काहींनी पुन्हा बांधली, काहींना ते जमलं नाही. अशा पडक्या जागेवर आधी गवत वाढतं, मग कुणीतरी कचऱ्याची एक पिशवी टाकतं, आणि बघता बघता उकिरडा होतो. आपण नाक दाबून पुढे जातो. म्हणतो, "आपली जागा थोडीच आहे?" आम्हा सेवेकरी बायकांत यावरच बोलणं झालं. दुसऱ्याच्या रिकाम्या जागेशी आपलं काही नातं असतं का?

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात सप्टेंबर 2010 मध्ये आणि पुन्हा 22 फेब्रुवारी 2011 ला भूकंप झाला. दुसऱ्या वेळी 185 माणसं गेली. शहराच्या मध्यभागातल्या कितीतरी इमारती पाडाव्या लागल्या. तिथे 'गॅप फिलर' नावाने काही मंडळी एकत्र आली आणि मोकळ्या प्लॉटांवर तात्पुरती कामं सुरू केली. टाकाऊ फ्रिजमध्ये पुस्तकं मांडली, कुणीही न्यावं, कुणीही ठेवावं. कपडे धुण्याच्या जुन्या मशीनमध्ये नाणं टाकलं की गाणी लागायची, आणि उघड्यावर लोक नाचायचे.

आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "जिथे माणसं गेली, तिथे नाचायचं?" प्रश्न खरा आहे. पण त्याच शहरात एका मोकळ्या जागेवर 185 पांढऱ्या खुर्च्याही मांडल्या होत्या. प्रत्येक वेगळी. त्यात चाकांची खुर्ची होती, लहान बाळाचीही होती. दुःखाला जागा दिली, आणि आनंदालाही दिली. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करतात, म्हणून काय गेलेलं माणूस विसरतो आपण?

किल्लारीचं उदाहरण तर घरचंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची गावं कोसळली. पुढे पुनर्वसनात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या आणि घरबांधणीच्या कामात उतरल्या. दुःख त्यांच्याही घरात होतंच.

आता अवघड भाग. मालक उद्या परत आला, तर आपले कष्ट वाया गेले का? दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते, तरी आपण रोज काढतोच. उलट मालक परत आला आणि आपल्याला वाईट वाटलं, तर समजावं की ती सेवा नव्हती, ताबा होता. म्हणून तिथे पक्का कट्टा नको, आणि छोटं देऊळही नको. देवाचं नाव घेऊन केलेला ताबा हाही ताबाच. जागा त्याची, राखण आपली, एवढंच नातं.

विनंती अशी, की आपापल्या गल्लीतली एक पडकी जागा बघा. मालक पुण्यात असो की बेंगळुरात, आधी फोन करून परवानगी घ्या. कचरा काढा. उचलून नेता येतील अशा डब्यांत झाडं लावा, म्हाताऱ्यांसाठी एक बाकडं ठेवा, पोरांना खेळू द्या. आणि तिथे कुणाचं घर होतं, ते पोरांना सांगा.

घरच्या ग्रुपवर यावर जरूर बोला. आपलं मत वेगळं असेल तर तेही कळवा.

– सेवेकरी भगिनी, कडोली