दया नव्हे, हक्क
अंध माणसाला हात धरून आपण रस्ता ओलांडून देतो आणि सवाब मिळाल्याचे समाधान मानतो. पण ऑनलाइन बँक खाते उघडताना त्यालाच कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगितले जाते, तेव्हा आपण गप्प असतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. वर्गातही तेच. फळ्यावर लिहिलेले शिक्षकांनी मोठ्याने वाचले, तर अंध मुलाला कुणाची मेहरबानी मागावी लागत नाही. मदत करून आपण मोठे ठरतो. अडथळा काढला, तर तो आपल्या बरोबरीचा होतो. आपल्याला यातले नेमके काय हवे आहे?