नाव धबधब्याचं, पाणी नदीचं

जोगचा धबधबा आपण कॅलेंडरवर पाहिलेला असतो. कर्नाटकातला. उंची 253 मीटर. धारा चार. एकीचं नाव राजा, दुसरीचं राणी, तिसरी रोअरर म्हणजे गरजणारी, चौथी रॉकेट. पण हे पाणी ज्या नदीचं, तिचं नाव काय? विचारून बघा. माणसं गप्प बसतात. तिचं नाव शरावती.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. पाणी नदीचं. उंची कड्याची. मग धबधब्याचं स्वतःचं काय? काहीच नाही. नदीच्या पायाखालची जमीन जिथं संपली, त्या जागेला आपण नाव दिलं आणि नावावर मुकुट ठेवला.

शरावती तीर्थहळ्ळी तालुक्यात अंबुतीर्थाला उगवते. रामाने बाण मारला म्हणून पाणी निघालं, असं सांगतात. बाण मारणाऱ्याचं नाव राहिलं. पोटात पाणी साठवणाऱ्या जमिनीचं नाव कुणी घेत नाही.

वरून येताना ह्या पाण्यात राजा कुणी नसतो. खडकाने ते फोडलं, माणसाने त्याला हुद्दे दिले. खाली कुंडात उतरून सांगा, कुठला थेंब राजाचा आणि कुठला राणीचा? पाणी एक, नावं चार. हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. फक्त आपल्याकडे चारांच्या बाहेरही माणसं ठेवली होती, आणि त्यांना पाण्याला शिवायचीच बंदी होती. त्यासाठी 1927 साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं.

आता राजाची गोष्ट पुढं ऐका. 1964 साली धबधब्याच्या वर लिंगनमक्कीचं धरण झालं. तेव्हापासून शरावतीचं बहुतेक पाणी कड्यावरून न जाता दुसऱ्या वाटेने वीजघराकडं जातं. उन्हाळ्यात जोगला गेलात तर काळा कोरडा कडा दिसतो, नाहीतर बारीकशी धार. नदी अडवली की राजा संपला.

म्हणजे एकाच नदीची तीन पाणी झाली. एक कड्यावरून पडतं, त्याचे फोटो निघतात. दुसरं लोखंडी पाइपातून पडतं, चाकं फिरवतं, गावोगाव दिवे लावतं. तेही उंचावरूनच पडतं, पण त्याला बघायला कुणी जात नाही. कष्टाचं पडणं सुंदर नसतं असं कुणी ठरवलं? आणि तिसरं पाणी धरणात उभं आहे. त्याच्या तळाशी माणसांची घरं आहेत, शेतं आहेत.

त्या तळातून हजारो कुटुंबं उठली. काहींना रानात नेऊन बसवलं, आणि त्या रानातल्या जमिनीच्या पक्क्या कागदासाठी त्यांची नातवंडं अजून भांडतात. पाण्यापलीकडं जी गावं राहिली, त्यांची वाट पाण्यानेच तोडली. तिथल्या लोकांनी लाँचमध्ये बसून सहा दशकं काढली. पूल झाला 2025 साली.

कुणी म्हणेल, मग धरण नको होतं का? तसं मी म्हणणार नाही. कोरडा कडा बघून हळहळणारा पर्यटक मी नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदीच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. वीज आणि पाणी गरिबाला लागतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. अंधारात कोण राहतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून प्रश्न धरणाचा नाही, हिशोबाचा आहे. दिवा ज्याच्या घरी लागला, त्याने ज्याचं घर बुडालं त्याचं देणं लागतं की नाही? मी म्हणतो, लागतं. उपकार म्हणून नाही, कर्ज म्हणून. उपकार देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. कर्ज मागता येतं, दारात उभं राहून मागता येतं.

धबधबा नदीचा कर्जदार आहे. त्याने नाव कितीही मोठं लावावं. पण राजा म्हणवून घेणाऱ्याने एकदा वर बघावं, पाणी कुठून येतंय ते. ते येतंय तोवरच तो राजा.