हरकत नाही

मराठी माणूस दिवसातून किती वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो, हे कुणीतरी एकदा मोजायला पाहिजे. चहात साखर जास्त पडली, हरकत नाही. एस. टी. दोन तास उशिरा आली, हरकत नाही. शेजाऱ्यानं आपल्या दारात वाळूचा ढीग टाकला, ‘दोन दिवसांत उचलतो’ म्हणाला, आणि त्या ढिगावर त्याची नातवंडं खेळून शाळेत जायला लागली, तरी आपण खिडकीतून तोंड भरून सांगतो, ‘हरकत नाही हो, सावकाश उचला.’

हा शब्द मुळात अरबी. आमचे वडील निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे हे घरबसल्या कळलं. ‘हरकत’ म्हणजे हालचाल. म्हणजे ‘हरकत नाही’ याचा खरा अर्थ, हालचाल नाही! हे कळल्यापासून मला आमच्या नांदेडकडे बघण्याची नवी दृष्टीच आली.

आता अशा या माणसाला सरकार काय म्हणतं, तर ‘आपल्या काही हरकती व सूचना असल्यास त्या साठ दिवसांच्या आत पाठवाव्यात.’ पर्यावरणाच्या कायद्याखाली नवा नियम करायचा तर आधी त्याचा मसुदा राजपत्रात द्यायचा आणि लोकांना साठ दिवस द्यायचे, असं १९८६ च्या नियमांतच लिहून ठेवलंय. पण राजपत्र ही चीज आपल्यापैकी कितीजणांनी डोळ्यांनी बघितली असेल? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, तेव्हा कामानिमित्त कचेरीत गेलो की एका कपाटावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे दिसायचे. ते राजपत्र. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची पद्धत होती. साठ दिवस म्हणजे तांब्याखाली वर्तुळ उमटायला लागणारा काळ.

२०१५ पासून भारताचं राजपत्र छापायचंच बंद झालं. आता ते संगणकावर निघतं. तांब्याची गैरसोय झाली, पण आमच्यासारख्याला दिल्लीतला कागद घरच्या खाटेवर पडून वाचता यायला लागला. आता वाचता येणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पन्नास पोरांच्या वर्गापुढे उभं राहिलेल्याला कुणी सांगायला नको.

गोष्ट २०२० सालची. टाळेबंदी चालू. घराबाहेर पडलं की पोलीस आणि घरात थांबलं की सौभाग्यवती, असा कडेकोट बंदोबस्त. त्यात पुण्याच्या चिरंजीवांचा निरोप आला, ‘बाबा, पर्यावरणाचा नवा मसुदा आलाय, फार वाईट आहे. खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा आणि पाठवा.’ मी बोट ठेवलं, तर समोर एक तयार पत्र उघडलं. पर्यावरण मंत्रालयाला. अस्खलित इंग्रजी, चार परिच्छेद, भरपूर संताप, आणि खाली माझं नाव. सौ.नं खांद्यावरून डोकावून बघितलं.

‘‘हे एवढं चांगलं इंग्रजी तुम्ही कधी शिकलात?’’

‘‘मी नाही लिहिलं.’’

‘‘मग खाली नाव कसं तुमचं?’’

या बायकांना तत्त्वज्ञान कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे त्या थेट मुद्द्यालाच हात घालतात. पत्र माझं नाही, संताप माझा नाही, ज्यावर संतापायचं तो मसुदा मी वाचलेला नाही आणि सही तेवढी माझी. वर्गात याला आम्ही कॉपी म्हणायचो आणि पोराला बाकावर उभं करायचो. बरं, पाठवू नये, तर कामाच्या गोष्टीवर गप्प बसल्याचा दोष. वाईट कायदा होऊ द्यायचा, पण नियमाप्रमाणे गप्प राहून, असं काहीतरी होऊन बसलं.

लातूरला मेहुण्याला फोन लावला. त्यानं ते पत्र कालच पाठवलं होतं. स्वतःचं, बायकोचं, आईचं आणि शेतावरच्या गड्याचंही.

‘‘अरे, पण वाचलंस का?’’

‘‘दाजी, तुम्ही मत देताना जाहीरनामा वाचता का? तिथं तरी काय, नाव छापील, निशाणी छापील. आपण बटन दाबायलो न्‌ बाहेर यायलो. निबंध लिहा म्हणतंय का कुणी? तरी मोजतात की नाही? हे बी तसंच.’’

मेहुणा हा प्राणी बायकोच्या माहेरचा असल्यामुळे त्याचं म्हणणं एकदम खोडून काढता येत नाही. शिवाय त्यात तथ्य होतं. मत तयारच असतं. आपण फक्त दाबतो. पण रात्रभर तळमळल्यावर मला उत्तर सुचलं. मत मोजतात, हरकत वाचतात. निदान वाचावी अशी अपेक्षा असते. शंभर पोरांनी एकच उत्तर लिहिलं तर तपासणारा एकच तपासतो आणि बाकी नव्याण्णवांवर रेघ मारतो. हे मी स्वतः केलेलं आहे. मात्र शंभर पोरं एकाच प्रश्नाला अडली, एवढं मास्तरला त्यातून कळतं, हेही खरं. म्हणजे तयार पत्र अगदीच फुकट नव्हे. पण त्यातून ‘किती’ तेवढं कळतं, ‘काय’ आणि ‘का’ कळत नाही.

तेव्हा मसुदाच उघडला. मार्च २०२० ची तारीख, राजपत्रात आला ११ एप्रिलला, पानं त्र्याऐंशी, भाषा इंग्रजी आणि हिंदी. पर्यावरणमंत्री त्या वेळी आमचे पुण्याचेच प्रकाश जावडेकर होते. तरी मराठी नव्हती. शब्दकोश उशाला घेऊन मी आठ दिवस ती पानं वाचत होतो. सौ.ला वाटलं, निवृत्तीनंतर मी परीक्षेला बसतोय.

त्यातल्या दोन गोष्टी मला नीट कळल्या. पहिली, कारखाना किंवा प्रकल्प परवानगी न घेता आधी चालू केला असेल, तर दंडबिंड भरून त्याला मागाहून मंजुरी देता यावी. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे गुंठेवारी!’’ मराठवाड्यात ही गोष्ट यापेक्षा सोपी करून सांगता येणार नाही. आधी प्लॉट, मग घर, मग वरचा मजला आणि शेवटी सरकार शुल्क घेऊन म्हणणार, बरं, नियमित! ‘‘तुमची अख्खी गल्ली गुंठेवारीची,’’ तो म्हणाला, ‘‘न्‌ तुम्ही कारखान्याला हरकत घ्यायलात?’’ मी म्हटलं, गल्लीतल्या भिंतीतून रात्री वायू सुटून माणसं मरत नाहीत. मसुद्याचे ते साठ दिवस चालू असतानाच, ७ मे २०२० च्या पहाटे, विशाखापट्टणमला एका कारखान्यातून वायू सुटला आणि झोपेतली माणसं रस्त्यावर धावताना पडली. तो कारखाना कित्येक वर्षं पर्यावरण मंजुरीवाचून चालू होता. तिथं मागाहून मंजुरी घेऊन काय नियमित करणार?

दुसरी गोष्ट बारीक होती. जनसुनावणीची नोटीस २००६ च्या नियमाप्रमाणे तीस दिवस आधी द्यायची, ती आता वीस दिवसांवर येणार होती. दहा दिवसांनी काय बिघडतं, असं पुण्या-मुंबईत वाटेल. आमच्याकडे नोटीस तालुक्याहून गावात येते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, तिच्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याचं पोस्टर लागतं, ते वाऱ्यानं उडतं, मग नोटीस पुन्हा दिसते. याला वीस दिवस जातातच. वाचायला जे काही मिळायचं ते त्या पुढच्या दहांत.

आता मेहुण्यानं ठेवणीतला बाण काढला. ‘‘दाजी, तुमच्या हरकतीनं कधी बोअरला पाणी लागलं का? मी आमदाराच्या माणसाला एक फोन लावतो, दुसऱ्या दिवशी टँकर दारात.’’

हा माणूस उगीच बोलत नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधीकडे जायचं ते ‘काम’ घेऊन. बदली, पोराचं ॲडमिशन, शेताचा रस्ता, टँकर. सकाळी सातला वाड्यावर जाऊन ओसरीवर बसायचं, ओळखीचा कार्यकर्ता गाठायचा, आणि साहेब आंघोळ करून आले की उठून उभं राहायचं. शंकरराव चव्हाणांना तर लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. त्यांच्यापुढे जाताना मोठमोठे अधिकारीसुद्धा गृहपाठ तपासून जात, असं आम्ही ऐकत आलो. लातूरच्या शिवराज पाटलांच्या अध्यक्षपदाच्या काळात तर लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसायला लागला. आपला खासदार बोलतो की नुसता बसतो, हे घरबसल्या बघायची सोय तिथून झाली. आज संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचा पत्ता, ई-मेल, त्यानं विचारलेले प्रश्न, सगळं मिळतं. ओळख लागत नाही, ओसरी लागत नाही.

पण घेऊन काय जायचं? हवा हे कुणाचं काम? नदी हे कुणाचं काम? गोदावरीत नाला मिसळतो, तो कुणाच्या दारात नाही, म्हणून तो कुणाचंच काम नाही. मी एका लोकप्रतिनिधीला मसुद्यातल्या त्या दोन गोष्टी मराठीत लिहून कळवल्या. उत्तर काही आलं नाही. पण तेव्हापासून मला दर दिवाळीला, संक्रांतीला आणि माझ्या वाढदिवसाला शुभेच्छा येतात. वाढदिवस त्यांना कुठून कळला, हा गोपनीयतेच्या कायद्याचा प्रश्न आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

मंत्रालयालाही मी तेच लिहिलं, फक्त लातूरची भर घातली. त्या तयार इंग्रजी पत्रात लातूर नव्हतं, असणार कुठून? २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलेलं ते गाव. मांजरा धरण कोरडं पडलेलं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा मेहुणा स्टेशनात उभा होता. हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा रडला नव्हता. मी लिहिलं, की ज्या खोऱ्यात अशी पाळी येते, तिथं रोज पाच हजार टन आणि त्याहून जास्त ऊस गाळणारे कारखाने याच नियमाखाली मंजुरी घेतात, तेव्हा पाण्याचा प्रश्न विचारायची जागा ती सुनावणीच आहे; तिचे दहा दिवस कापू नयेत. पत्र दीड पानाचं झालं. इंग्रजी पत्राइतका संताप त्यात नव्हता. शुद्धलेखन मात्र चोख होतं.

पुढं मोठ्या घडामोडी झाल्या. मंत्र्यांच्या पेटीत ई-मेलचा पूर आला. लोकांना पत्रं पाठवायला सांगणाऱ्या तरुणांच्या एका संघटनेचं संकेतस्थळ जुलैत बंद पडलं. दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत दहशतवादविरोधी कायद्याचं कलम होतं. मग ती नोटीस चुकून गेली, असं सांगून पोलिसांनी ती मागं घेतली. (हरकत नाही!) ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा घटनेतल्या बावीसही भाषांत द्या, असं सांगितलं. त्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकूण सतरा लाखांहून जास्त हरकती पोचल्या. त्या मसुद्याची अंतिम अधिसूचना काही निघाली नाही. यात तयार पत्रांचा वाटा किती आणि माझ्या दीड पानाचा किती, हा हिशेब मी चिरंजीवांशी घालायचा टाळतो. मागाहूनच्या मंजुरीचं भूत मात्र गेलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १६ मे २०२५ ला अशा मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या, आणि १८ नोव्हेंबरला दोघांविरुद्ध एक अशा बहुमतानं तोच निकाल मागं घेतला.

मेहुण्यात मात्र फरक पडला. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या विस्ताराची सुनावणी निघाली. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अशा प्रकल्पाचा सारांश मराठीत असतो, हे मी त्याला एकदा बोललो होतो. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. एक माणूस आला नाही तरी ती झाली असंच धरतात, हेही सांगितलं होतं. दुसऱ्याची खुर्ची रिकामी बघून त्याला नेहमीच बसावंसं वाटतं, त्यामुळे हे त्याच्या मनाला लागलं असावं. त्यानं तो सारांश नेटकॅफेत छापून घेतला, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तीन वेळा मला फोन करून शब्दांचे अर्थ विचारले.

मंडपात दीडशे लोक, त्यातले बरेचसे कारखान्याचेच सभासद. भाषणं झाली, रोजगारावर टाळ्या झाल्या, चहा झाला. मग हा उठला आणि म्हणाला, ‘‘पाणी मांजरेतून घेणार म्हणून लिहिलंय. २०१६ साली मांजरेत पाणी नव्हतं. त्या साली कुठनं घेणार होतात?’’

चित्रीकरण चालू होतं. उत्तर देणाऱ्यानं ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ असं सांगितलं. लोक उठून जेवायला निघाले. हा बसून राहिला, कारण सुनावणीचं टिपण शेवटी मराठीत वाचून दाखवावं लागतं, हे त्यानं नियमात वाचलं होतं. वाचून दाखवलं, ‘एका ग्रामस्थाने पाणीपुरवठ्याबाबत विचारणा केली.’

‘‘साहेब,’’ हा म्हणाला, ‘‘त्यात २०१६ घाला.’’

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं. पेनचं टोपण काढलं आणि २०१६ घातलं.